निवृत्तीची अंकलिपी : पनवेल आवृत्ती

हे कोणी वाचू नये

एकाच बँकेत, नाहीतर एकाच सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढली, शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, साहेबांनी चार शब्द बरे काढले आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू झाली, अशा वाचकांनी पान उलटावं. त्यांच्यासाठी बाजारात पुष्कळ पुस्तकं आहेत. शिवाय वेतन आयोग आहेत.

ज्यांचा निरोपसमारंभ झालाच नाही, कारण त्याआधी कंपनीलाच निरोप द्यावा लागला, त्यांच्यासाठी ही अंकलिपी. आपल्या नोकऱ्या सांगायला सुरुवात केली की समोरचा तिसऱ्या नोकरीपाशी घड्याळ बघतो, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी पुढे वाचावं. प्रस्तुत लेखक गिरणीत बदली कामगार होता, पाताळगंगेच्या बाजूला एका रसायन कारखान्यात स्टोअरकीपर होता, त्याने एसटीडी-पीसीओचा बूथ चालवला, विमा विकला आणि शेवटी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर पावत्या फाडल्या. मधल्या काही गोष्टी जागेअभावी सोडल्या आहेत.

आता पनवेलच का? पेन्शनरांचं गाव म्हणजे पुणे, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरून गेलेलं आहे. पण पुण्यात निवृत्त व्हायला आधी सरळ गेलेलं आयुष्य लागतं आणि नंतर बंगल्याला नाव लागतं. पनवेलला माणूस मुळात गाडी बदलायला येतो. कोकणात जाणारा, घाटावर जाणारा, उरणच्या बंदराकडे निघालेला कंटेनर, सगळे पनवेलला येतात आणि पुढे निघून जातात. १९९८ला हार्बरची लोकल आली, २००२ला कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुटला, २०२४ला अटल सेतू झाला. प्रत्येक वेळी लोकांना पनवेलहून आणखी लवकर निघून जाता येऊ लागलं. एसटी स्टँडच्या बाकावर बसलेल्याला 'तुम्ही इथे का बसलात' असं कोणी विचारत नाही. वाकड्या नोकऱ्यांच्या माणसाला एवढी मोकळीक पुष्कळ झाली.

पूर्वतयारी: ट्रंक उतरवणे

नवनिवृत्ताने सर्वांत आधी माळ्यावरची ट्रंक खाली काढावी. स्टुलावर स्वतः चढू नये, नातवाला चढवावं. ट्रंकेत नेमणुकीची पत्रं, पीएफच्या वार्षिक स्लिपा, बोनसच्या पावत्या, बूथचं शॉप ॲक्टचं लायसन्स आणि लग्नाच्या बस्त्याचं बिल निघेल. बस्त्याचं बिल बाजूला ठेवावं. त्यावरून संध्याकाळी वाद होतो.

बाकीचे कागद जमिनीवर सालवार मांडावेत. मांडताना लक्षात येईल की मध्ये मोकळी जमीन दिसते. ही वर्षं गेली कुठे, म्हणून घाबरून जाऊ नये. त्या वर्षांत तुम्ही घर चालवत होता. फक्त त्याची कुठे नोंद नाही.

आता गणित. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झाली. तिचं सूत्र पाचवीच्या मुलालाही येईल: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीने धरतात आणि एरवी तो १५,००० रुपयांच्या वर मोजत नाहीत. म्हणजे १५,००० पगार आणि चौदा वर्षांची सेवा असेल तर महिना ३,००० रुपये. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून १,००० रुपये आहे आणि ती ७,५०० करा म्हणून पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. मोर्च्याला जायचं असेल तर टोपी आणि पाण्याची बाटली न्यावी. घोषणा तिथे मिळतात.

खरी गोम दहा वर्षांच्या अटीत आहे. दहा वर्षं सेवा भरली नाही तर पेन्शन नाही, जमा असेल ते काढून घ्या आणि सुखी राहा. सरळ नोकरीवाल्याला ही अट दिसतही नाही. आपल्याला ती दारातच आडवी येते, कारण आपण प्रत्येक नोकरी सुटली की पीएफ काढला. एकदा बहिणीच्या लग्नाला, एकदा खोलीच्या पागडीला, एकदा कंपनी बंद पडल्यावर चार महिन्यांच्या किराण्याला. त्या वेळी फॉर्म दहा-सी भरून पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर सेवेची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली गेली असती. ही माहिती आज ज्याला त्याला असते. १९९७ साली ती टेबलापलीकडच्या माणसाकडे होती आणि तो जेवायला गेलेला होता.

२०१४ला यूएएन आला आणि एका माणसाचा एकच नंबर झाला. त्याआधी प्रत्येक नोकरीत पीएफचा नवा नंबर मिळायचा. आणि नावही. दत्तात्रय नावाचा माणूस इंग्रजीत एका ठिकाणी शेवटी 'वाय' लावून असतो, दुसऱ्या ठिकाणी त्यापुढे 'ए' येतो, तिसऱ्या ठिकाणी कारकून कोकणातला असेल तर दत्ताराम होतो. संगणकाच्या मते ही तीन माणसं. ती एकच आहेत हे सिद्ध करायला मालक आणि कामगार यांनी मिळून जॉइंट डिक्लरेशन द्यायचं असतं. मालकाच्या जागी आता एकवीस मजली टॉवर उभा असेल तर काय करायचं, याचंही उत्तर नियमात आहे. ते शोधायला मात्र वाशीला दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. खेपेला जाताना प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स न्याव्यात. मागतील दोनच, पण तिसरी हातात असली की माणसाचा आवाज बदलतो.

हयात असणे

वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं असतं. सरकारी पेन्शनर हे नोव्हेंबरात करतात आणि त्या महिन्यात बँकेत पंढरपूरची रांग असते. पीएफच्या पेन्शनवाल्यांना ही घाई नाही. दाखला वर्षात कधीही द्या, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. तरी आपली मंडळी नोव्हेंबरातच जातात, कारण रांगेत चार माणसं भेटतात.

२०१४पासून हे काम अंगठ्यावर होऊ लागलं. ज्याने ॲसिडचे कार्बॉय उचलले, लोखंडाच्या पावत्यांना कार्बन लावले, त्याचा अंगठा यंत्राला लागत नाही. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा. अशा वेळी खिडकीतून कर्नाळ्याकडे बघावं. एवढा मोठा अंगठा आभाळात उभा असलेला तालुका आपला, आणि आपला मात्र उमटत नाही! आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. समोर धरलेला फोन डोळे मिचकवायला सांगतो. मिचकवावेत. हिच्यादेखत नव्हे.

तोंडी परीक्षा

कागद झाले की तोंडी परीक्षा येते. ती बहुधा लग्नात होते. हॉल खांदा कॉलनीत, पंगतीच्या ऐवजी बुफे, आणि हातात बशी घेऊन उभा असलेला कोणी जावई विचारतो, "काका, तुम्ही नक्की कशात होता?"

नवनिवृत्त इथे पडतात. पहिल्या प्रकारचे सगळं सांगायला बसतात. गिरणीच्या गेटपासून सुरुवात करतात आणि जावई गुलाबजामकडे सरकतो. दुसऱ्या प्रकारचे त्यातल्या त्यात बरी दिसणारी नोकरी निवडतात आणि आयुष्यभर तीच केली असं भासवतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका मोठ्या कंपनीत दीड वर्ष होते आणि गेली वीस वर्षं ते तिथून 'रिटायर' झालेले आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट, आणि तो आजकाल वाढतो आहे. हे लोक सगळ्या नोकऱ्या सांगतात, पण त्यांतून एक सरळ रेघ ओढतात. "मला पहिल्यापासून माणसांत राहायची आवड. म्हणून मी फोनचा बूथ काढला, म्हणून विम्यात गेलो." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यात वीस-बावीस वर्षांचा एक बदलीही होता. बदली म्हणजे पाळी सुरू होताना गेटवर हजर राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर आत घेणार, नाहीतर परत. त्याला माणसांची आवड होती की नव्हती, हे कोणी विचारलं नाही. तो पनवेलला आला, कारण चुलतमामाची इथे खोली होती. रसायन कारखान्यात लागला, कारण चुलतमामाचा शेजारी तिथे होता. बूथ काढला, कारण कारखान्याने माणसं कमी केली आणि त्या वर्षी जो तो बूथ काढत होता. २००३ला मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि बूथमध्ये झेरॉक्सचं मशीन आलं. मग मशीन राहिलं आणि बूथ गेला. यात बेत नाही. यात मामा आहे, संप आहे, दूरसंचार खातं आहे.

सरळ रेघ ओढणाऱ्याचा तोटा असा की दरवेळी सांगताना त्याला थोडं आयुष्य कापावं लागतं. रेघेत न बसणारी माणसं गळतात. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, तेव्हा बूथबाहेर रांग लावणारी रसायनीची पोरं गळतात. रत्नागिरीला फोन लावून 'पैसे पाठवलेत' एवढं एकच वाक्य बोलणारी आणि मीटरकडे बघून पटकन ठेवणारी बाई गळते. म्हणून उमेदवाराने जावयाला एकच उत्तर द्यावं: "बऱ्याच ठिकाणी होतो. तुला कुठलं ऐकायचंय?" दहातले नऊ जावई गुलाबजामकडे जातात. दहावा थांबतो. त्याला गिरणी सांगावी.

जुन्या नोकऱ्यांची उरलेली खोड

नोकरी सुटते, तिची खोड सुटत नाही. सरळ नोकरीवाल्याला एकच खोड असते आणि घरच्यांना ती पाठ असते. आपल्याला चार-पाच असतात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी कोणती वर येईल याचा नेम नाही. या धड्याचा अभ्यास घरातल्या इतर माणसांनीही करावा.

बदलीची खोड पहाटे उठते. साडेपाचला आंघोळ करून, सदरा घालून, दाराशी उभं राहायचं. कोणी बोलावलं तर जायचं. कोणी बोलावत नाही. मग दूधवाल्याला दार आपणच उघडावं, म्हणजे आत घेतल्यासारखं वाटतं.

स्टोअरकीपरची खोड स्वयंपाकघरात निघते आणि ती धोक्याची आहे. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी डाळी-तांदळाच्या डब्यांना बिन कार्डं लावली. आवक, जावक, शिल्लक, सही. जुना माल आधी, नवा नंतर, म्हणून डबे पुढे-मागे केले. हिने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती झोपाळ्यावर बसून राहिली आणि म्हणाली, "स्टोअर तुमच्याकडे आहे ना? मग साखर-पत्ती इश्यू करा आणि चहा टाका." तेव्हापासून सकाळचा चहा माझ्याकडे आहे. बिन कार्डं काढली, पण चहा परत घ्यायला ती तयार नाही. नवनिवृत्ताने डब्यांना हात लावण्यापूर्वी हा खर्च धरावा.

बूथवाल्याची खोड फोनच्या जवळपास राहते. सून माहेरी बोलत असली की नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते आणि मनात पल्सचा हिशेब चालू होतो. तिला वाटतं सासरे लक्ष ठेवतात. तिला एकदाच नीट समजावून सांगावं आणि मग फोनच्या वेळी गॅलरीत जावं. विमा एजंटाची खोड घरात त्रास देत नाही, रस्त्यावर देते: आपण समोरून आलो की टपाल नाक्यावर अजूनही दोन जण रस्ता ओलांडतात. आपण आता पॉलिसी विकत नाही, हे त्यांना सांगायला त्यांच्या मागे धावू नये. त्याने गैरसमज वाढतो.

वजनकाट्याची खोड निरुपद्रवी आहे. डॉक्टरांनी वजन विचारलं की मी रिकामं आणि भरलेलं अशी दोन सांगतो. त्यांना आता सवय झाली आहे.

संगत निवडणे

सकाळच्या फेरीला वडाळे तलाव बरा. भोवती चालायला जागा आहे, बसायला बाकं आहेत, आणि प्रत्येक बाकाचं एक खातं आहे. एका बाकावर शिक्षक, एकावर रेल्वे, एकावर बँका. त्यांच्यात जाऊन बसायला हरकत नाही, फक्त बोलणं महागाई भत्त्यावर आलं की पाण्याकडे बघत राहावं. नवीन पनवेलला राहणाऱ्यांनी गावात यायचे कष्ट घ्यावेत. रुळाच्या पलीकडे सेक्टर आहेत, बाकं आहेत, प्रबळगड आणि कलावंतीण छान दिसतात, पण संगत अजून रुजायची आहे.

माझा सल्ला: बाक निवडताना इथल्या जुन्या माणसाच्या शेजारची जागा धरावी. म्हणजे आगरी, कोळी किंवा कराडी. त्याचं कारण असं. १९७०ला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून पंच्याण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी धरली गेली. बापाने भात लावला आणि मिठागरावर राबला, तर मुलाला दोन्ही उरलं नाही. १९८४च्या जानेवारीत मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे हे लोक रस्त्यावर उतरले, जासई-दास्तानच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. वडाळ्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसणारे आबा त्या वेळी तिशीतले होते. त्यांनी भात लावला आहे, मिठागरात पाय फोडून घेतले आहेत, खाडीतली रेती काढली आहे, माती टाकायचा ठेका घेतला आहे, आता तीन खोल्यांचं भाडं येतं. हे सगळं ते एका दमात सांगतात, मध्ये 'म्हणून' हा शब्द येत नाही. "मंग ते गेला, मंग हे केला." मी त्यांच्याकडून तोंडी परीक्षेची तयारी केली.

बँकेच्या बाकावर आता विमानांचा विषय असतो. पंचवीस वर्षं 'पुढच्या वर्षी विमानतळ' हे ऐकून लोकांनी इथे फ्लॅट घेतले. २५ डिसेंबर २०२५ला पहिली प्रवासी विमानं खरोखर उडाली आणि सगळ्यांनी आपल्याला हे आधीच माहीत होतं असं जाहीर केलं. आबा वर बघत नाहीत. ते म्हणतात, तिथे आमची वल लागायची. वल म्हणजे काय हे मी विचारलं नाही. आबा हाताने जागा दाखवत होते, ती नीट बघणं जास्त गरजेचं होतं.

शिरढोणचा अपवाद

पळस्प्याच्या पुढे गोव्याच्या रस्त्यावर शिरढोण लागतं. एखाद्या रविवारी सकाळी नवनिवृत्ताने तिथे जावं. ४ नोव्हेंबर १८४५ला वासुदेव बळवंत फडके इथे जन्मले. त्यांच्या क्रांतीबद्दल शाळेत शिकवतात, नोकरीबद्दल फारसं नाही. मुंबईत जी.आय.पी. रेल्वेत कारकुनी, मग आणखी एक-दोन कचेऱ्या, मग पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात. म्हणजे आपल्यातलेच. आई आजारी म्हणून रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची भेट झाली नाही. पुढे १८७९ साली बंड, पकडले जाणं, एडनचा तुरुंग आणि १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच मृत्यू. पेन्शनीची नोकरी हातात असताना ती अशी सोडणारा पनवेल तालुक्यात दुसरा नाही.

हा मार्ग प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी नाही. मात्र आपल्या ट्रंकेतही एखादा रजेचा नामंजूर अर्ज असतो. तो फाडू नये. येताना पळस्प्याला कोथिंबीर वडी आणि पियुष घ्यावं. साखर असणाऱ्यांनी नुसती वडी.

बाहेरच्यांचे प्रश्न

"पनवेल म्हणजे सलमानच्या फार्महाउसजवळ?" याला 'हो' म्हणावं. समजावत बसू नये.

प्रवास आणि नवी नोकरी

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०ला बंद झाली, ती अजून बंदच आहे. एसटीत पासष्टनंतर अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरनंतर फुकट. मी पासष्टची वाट बघत बसलो, तर १७ मार्च २०२३ला सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं आणि ही माझ्याआधी अर्ध्यात फिरू लागली. कंडक्टरकडे मी 'एक फुल, एक हाफ' म्हणायचो तेव्हा मागच्या सीटवरची पोरं नातवाला शोधायची.

पनवेलच्या निवृत्ताला मात्र एक नवी नोकरी आपोआप लागते, तिला अर्ज करावा लागत नाही. गणपतीचं आरक्षण. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात, आपण रिकामे, त्यामुळे डोंबिवलीचा पुतण्या, ठाण्याची मेहुणी आणि विरारचे ज्यांचं नातं नीट सांगता येत नाही असे एक, सगळे आपल्यावर सोपवतात. पूर्वी एकशेवीस दिवस आधी खिडकी उघडायची, १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी. सकाळी आठला. आदल्या दिवशी प्रत्येकाचं नाव, वय आणि खालचा बर्थ हवा का, हे वहीत उतरवून घ्यावं. वयं बायकांकडून घ्यावीत, पुरुष आकडा चुकवतात. सातला स्टेशनवर किंवा फोनसमोर बसावं. आठ वाजून तीन मिनिटांनी वेटिंग लिस्ट येते. साडेआठला सगळ्यांना फोन करून कळवावं आणि प्रत्येकाचं 'आम्हाला वाटलं तुम्ही पनवेलला आहात म्हणजे...' शांतपणे ऐकून घ्यावं. मग एसटीच्या ग्रुप बुकिंगची चौकशी करावी. या कामाला बोनस नाही, पण वाकड्या नोकऱ्यांच्या माणसाला इथे पहिल्यांदा सगळ्या नोकऱ्या एकदम उपयोगी पडतात: पहाटे उठणं, वही ठेवणं, फोन धरून बसणं, नकार ऐकून घेणं.

कोणी काम देऊ केल्यास

देतंच. निवृत्तीला सहा महिने झाले की कळंबोलीहून, नाहीतर तळोज्याहून फोन येतो. "काका, घरी बसून काय करता? दोन तास येऊन हिशेब बघून जा." सरळ नोकरीवाल्यांना असे फोन येत नाहीत, त्यांना फक्त आपलंच काम येतं.

लगेच हो म्हणू नये. लगेच नाहीही म्हणू नये. बदलीची सवय ज्याला आहे तो बोलता बोलता चपला शोधू लागतो, त्याने आधी बसून घ्यावं. मग विचारावं: ऑफिस कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालते का. चहा ऑफिसचा की आपला. पावसात खाली पाणी भरतं का. पीएफ कापणार असाल तर अठ्ठावन्ननंतर पेन्शनचा वाटा कापत नाहीत, मालकाचा सगळा वाटा पीएफलाच जातो, हे तुमच्या अकाउंटंटला माहीत आहे का. आणि माझं नाव इंग्रजीत कसं लिहिणार, ते आत्ताच सांगा. एक-एक अक्षर सांगा, मी लिहून घेतो.